फॅरडचा आंकडा आणि ताम्हिणीचा पाऊस



पुण्याहून पौडाच्या वाटेनें निघून मुळशीच्या धरणाचा जलाशय मागें टाकला, कीं घाटाच्या माथ्यावर ताम्हिणी लागते. तेथें पाऊस पाहुण्यासारखा येऊन जात नाहीं. ज्येष्ठाच्या अखेरीस बिऱ्हाड करतो, तो भाद्रपदापर्यंत हलत नाहीं. २५ जुलै २०२४ रोजीं सकाळीं संपलेल्या चोवीस तासांत तेथें ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुणें शहराला साऱ्या वर्षांत जेवढा पाऊस मिळतो, त्याच्या अर्ध्याहून पुष्कळ अधिक पाऊस एका दिवसरात्रींत! हा आंकडा आरंभींच सांगण्याचें कारण असें, कीं आज मी बोलणार आहें तें विजेच्या एका उपकरणाविषयीं. पण त्या उपकरणाचें मर्म मला उमगलें तें पुस्तकांतून कमी आणि ह्या पावसांतून अधिक.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. खेडेगांवच्या शाळांतून मुलांना गणित व शास्त्र शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें आणि आतां साठी उलटल्यावर मी ताम्हिणीच्या परिसरांतच राहतों. विजेच्या शास्त्रांत माझा अधिकार नाहीं. ज्याचा आहे तो माझा एक जुना विद्यार्थी. पुण्यास यंत्रें जुळविण्याच्या व्यवसायांत आहे. जें पुढें सांगणार आहें त्यांतलें गणित त्याचें, आणि चूक मात्र आम्हां दोघांची.

चुकीपासूनच आरंभ करतों. आमच्या भागांत डोंगराच्या पोटाशीं एक अठरा घरांची वाडी आहे. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव दरडीखालीं गाडलें गेलें व दीडशें माणसें दगावलीं. १९ जुलै २०२३च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. हीं दोन नांवें कानांवर पडल्यापासून त्या अठरा घरांतील माणसें पावसाळ्यांत धड झोंपत नसत. म्हणून २०२४च्या पावसाळ्याच्या तोंडीं आम्हीं वरच्या पठारावर पाऊस मोजणारें एक लहानसें यंत्र बसविलें. दर दहा मिनिटांनीं तें बिनतारी संदेशानें पावसाचा आंकडा खालीं वाडींतल्या एका घरीं धाडी. तीन तासांत पाऊस ठराविक मर्यादेपलीकडे गेला, कीं त्या घरांत घंटा वाजावी, त्या घरच्या लोकांनीं शेजाऱ्यांस उठवावें आणि सर्वांनीं शाळेंत निघून यावें, असा बेत होता.

पठारावर वीज कोठून आणावयाची? उन्हावर चालणारी तावदानासारखी एक पट्टी होती. पण आषाढांत तेथें ऊन दिसतें कोठें? पांच-दहा मिनिटें ढग फाटले तर फाटले. तेवढ्या अवधींत झटकन् भरणारें आणि संदेशाच्या वेळीं झटकन् जोराचा प्रवाह देणारें असें कांहीं हवें होतें. नेहमीच्या बॅटऱ्या सावकाश भरतात आणि थंड, ओल्या हवेंत कुरकुरतात. तेव्हां माझ्या विद्यार्थ्यानें सुपरकपॅसिटर वापरावयाचें ठरविलें. कपॅसिटर म्हणजे जुन्या रेडिओंत ज्याला कंडेन्सर म्हणत असत तो. हल्लींच्या शाळेच्या पुस्तकांत त्याला धारित्र म्हणतात. म्हणून सुपरकपॅसिटरला मी महाधारित्र म्हणेन.

आम्हीं १०० फॅरडचीं दोन महाधारित्रें एकापुढें एक जोडलीं. तशीं जोडलीं असतां दोहोंची मिळून धारकता ५० फॅरड होते. पांच व्होल्टपर्यंत भरावयाचें. चार व्होल्टच्या खालीं संदेश धाडणारा भाग चालत नसे. हिशेब कोणाही मॅट्रिकच्या मुलाला येण्यासारखा आहे. एक व्होल्ट उतरतां उतरतां ५० कूलोम विद्युद्भार मिळणार. प्रत्येक संदेशास अर्धा सेकंद एक अँपिअर प्रवाह, म्हणजे अर्धा कूलोम. तेव्हां संदेश शंभर. दर दहा मिनिटांस एक याप्रमाणें सोळा तास चाळीस मिनिटें. संध्याकाळीं सहाला भरलें तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेदहापर्यंत चिंता नाहीं!

त्या महिन्यांत तीन दिवस आभाळ एकसारखें काळें होतें आणि यंत्रांतली वीज पार संपून गेली होती. चवथ्या दिवशीं संध्याकाळीं सहाच्या सुमारास पश्चिमेकडे पांच-सहा मिनिटें ऊन पडलें. मी स्वतः पठारावर होतों. मापकाचा कांटा शून्यावरून चढत चढत पांचावर आला, तो मीं डोळ्यांनीं पाहिला, वहींत ५.० असें लिहिलें आणि समाधानानें घरीं येऊन निजलों. रात्रीं पावसानें पुन्हां जोर धरला. यंत्राचा शेवटचा संदेश दीड वाजतां आला. त्यानंतर तें मुकें झालें. घंटा वाजली नाहीं म्हणजे धोका नाहीं, असें समजून वाडी झोंपून राहिली. दैवानें त्या रात्रीं डोंगर हलला नाहीं. सकाळीं मी वाडींत गेलों तेव्हां एक म्हातारी ओसरीवर बसली होती. ती म्हणाली, “गुरुजी, तुमचं यंत्र बी आमच्यावाणी निजतंय व्हय?” तिच्या बोलण्यांत राग नव्हता. तो असता तर मला बरें वाटलें असतें.

आतां हा आठ-नऊ तासांचा फरक आला कोठून? कोणी म्हणेल, दुकानदारानें फसविलें. १०० फॅरडचें सांगून ५०चें दिलें. माझाहि पहिला तर्क तोच होता. परंतु माझ्या विद्यार्थ्यानें तीं धारित्रें पुण्यास नेऊन सावकाश भरून सावकाश रिकामीं करून पाहिलीं, तेव्हां तीं जवळजवळ पुरीं शंभराचीं भरलीं. म्हणजे वेष्टनावरचा आंकडा खोटा नव्हता. तो अपुरा होता. पांचशें पानांच्या पुस्तकाचें केवळ नांव वाचून परीक्षेस बसणाऱ्या मुलासारखी आमची गत झाली होती.

हें समजण्यासाठीं महाधारित्राच्या पोटांत काय असतें तें पाहूं. साध्या धारित्रांत दोन धातूंचे पत्रे आणि त्यांच्यामध्यें विजेला अडविणारा पातळ थर असतो. पत्रे जितके मोठे आणि थर जितका पातळ, तितका विद्युद्भार अधिक सांठतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स ह्यानें १८५३ सालींच असें दाखविलें होतें, कीं एखादा विद्युद्वाहक पदार्थ क्षारयुक्त द्रवांत बुडविला, तर जेथें दोहोंचा स्पर्श होतो तेथें आपोआपच असें दुहेरी आवरण तयार होतें. घन पदार्थावर एका जातीचा भार आणि द्रवांत त्याच्या अगदीं लगत विरुद्ध जातीचा. ह्या दोन भारांमधील अंतर मिलिमीटरच्या दहालक्षांश भागाच्या आसपास असतें. अंतर असें जवळजवळ नाहींसें झालें. राहिला प्रश्न क्षेत्रफळाचा. तो कोळशानें सोडविला. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बेकर ह्यांनीं सच्छिद्र कोळशाच्या अशा धारित्राचें पेटंट १९५७ सालीं घेतलें; पुढें १९७८च्या सुमारास जपानच्या एन.ई.सी. कंपनीनें तें सुपरकपॅसिटर ह्या नांवानें बाजारांत आणलें. हा कोळसा पुष्कळदां नारळाच्या करवंटीचा असतो. करवंटी जाळून तिच्यावर वाफेचे संस्कार केले, कीं तींत इतकीं सूक्ष्म छिद्रें पडतात, कीं एका ग्रॅम कोळशाचा आंतला पृष्ठभाग हजार चौरस मीटर किंवा त्याहूनहि अधिक भरतो. आपल्या जुन्या मापांत सांगावयाचें तर चिमूटभर कोळशांत दहा गुंठे जमीन!

मात्र हे दहा गुंठे रस्त्याच्या कडेला नाहींत. ते अरुंद आणि खोल गल्ल्यांच्या आंत आहेत. आमची सारी फसगत ह्या गल्ल्यांमध्यें झाली.

येथें मला ताम्हिणीची जमीन आठवते. वळवाची एक जोराची सर येते, दहा मिनिटांत ओढे भरून वाहूं लागतात, आणि सर थांबल्यावर कुदळीनें उकरून पाहावें तर चार बोटांखालीं माती कोरडी. तेवढेंच पाणी जर दोन दिवस भुरभुर पडलें असतें, तर तें हातभर खोल मुरलें असतें आणि ओढ्यास थेंबहि गेला नसता. ह्या जमिनींत पाणी किती मावतें, असें कोणीं मला विचारलें तर मी त्यालाच उलट विचारीन, कीं बाबारे, तूं तें किती वेगानें ओतणार? महाधारित्राचें तंतोतंत असेंच आहे. त्याला सावकाश भरा, विद्युद्भार छिद्रांच्या तळापर्यंत जातो आणि शंभर फॅरड पुरे मिळतात. घाई करा, म्हणजे केवळ छिद्रांचीं तोंडें भरतात. दाब मात्र झटकन् चढतो आणि कांटा सांगतो, कीं भरलें. मग भरणें थांबलें, कीं तोंडाशीं सांचलेला भार हळूहळू आंत सरकूं लागतो, आणि कोणी कांहींहि खर्च न करतां दाब उतरूं लागतो.

वाडींतल्या त्या घरीं संदेशाबरोबर दाबाचा आंकडाहि उतरून घेतला जात असे. कोणीं तो पाहत नसे, मी तर नाहींच. दुसऱ्या दिवशीं आम्हीं तीं टिपणें काढलीं. सहा ते नऊ ह्या तीन तासांत अठरा संदेश गेले होते. हिशेबाप्रमाणें दाब ५.० वरून ४.८२ व्हावयास हवा होता. टिपणांत होता ४.४७. एक तृतीयांश व्होल्टहून अधिक दाब नुसता गल्ल्यांत शिरण्यांत नाहींसा झाला होता, आणि त्यांतला बराचसा पहिल्या अर्ध्या तासांतच. दुसरी गोष्ट अशी, कीं प्रत्येक धारित्राला स्वतःचा थोडा रोध असतो. आमचीं धारित्रें स्वस्तांतलीं. प्रत्येकाचा रोध एक दशांश ओहम. एक अँपिअरची ओढ बसली, कीं दोहोंत मिळून ०.२ व्होल्ट तेवढ्यापुरते घसरत. म्हणून विश्रांतींत ४.२ व्होल्ट असतांच संदेशाच्या क्षणीं ते चार होत आणि यंत्र बंद पडे. ४.४७ पासून ४.२० पर्यंत उरले सत्तावीस संदेश, म्हणजे साडेचार तास. नऊ आणि साडेचार, दीड. हिशेब जुळला तेव्हां माझ्या विद्यार्थ्याला आनंद झाला. मला त्या म्हातारीचा चेहरा दिसत होता.

शास्त्रज्ञ ही परीक्षा अधिक पद्धतशीर रीतीनें करतात. धारित्राला अगदीं थोड्या दाबाची उलटसुलट वीज देतात. ती कधीं इतकी संथ, कीं एका आवर्तनास शंभर सेकंद लागावे. कधीं इतकी शीघ्र, कीं एका सेकंदांत लाख आवर्तनें व्हावीं. प्रत्येक वेळीं प्रवाह किती आला आणि तो दाबाच्या किती पुढें धांवला, हें मोजतात. सेकंदांतील आवर्तनांच्या ह्या संख्येलाच पुस्तकांत वारंवारता म्हणतात. शुद्ध धारित्र असेल तर प्रवाह दाबाच्या बरोबर पाव आवर्तन पुढें असतो. शुद्ध रोध असेल तर दोघे पाऊल मिळवून चालतात. महाधारित्र संथ विजेला बहुतेक शुद्ध धारित्रासारखें वागतें. मधल्या पट्ट्यांत प्रवाह एक अष्टमांश आवर्तन पुढें राहतो. हें ना रोधाचें लक्षण, ना धारित्राचें. आणि शीघ्र विजेला तें केवळ रोध होऊन बसतें. आमच्याच धारित्राचा हिशेब पाहा. सेकंदास एक आवर्तन असतां १०० फॅरडच्या धारकतेची अडवणूक सुमारें ०.००१६ ओहम येते आणि रोध आहे ०.१ ओहम, म्हणजे साठपट. आपल्या घरांतली वीज तर सेकंदास पन्नास आवर्तनें करते; तिच्या दृष्टीनें तें शंभर फॅरडचें डबडें म्हणजे तारेचा एक तुकडा. रेडिओंतील घरघर घालविण्यासाठीं जेथें जुना, लहानसा कंडेन्सर हवा, तेथें कोणीं मोठेपणाला भुलून महाधारित्र बसविलें, तर तें धारित्रासारखें वागावयाचें नाहीं.

तो अष्टमांश आवर्तनाचा चमत्कार कोठून येतो, हें रॉबर्ट द लेव्ही ह्यांनीं १९६३च्या सुमारास उलगडून दाखविलें. त्यांनीं एकच छिद्र घेतलें आणि त्याची अशी कल्पना केली, कीं छिद्रांतल्या द्रवाचा प्रत्येक टीचभर भाग म्हणजे एक लहान रोध आणि त्याच्या बाजूची भिंत म्हणजे एक लहान धारित्र. रोध, धारित्र, पुन्हां रोध, पुन्हां धारित्र, अशी शिडीसारखी मालिका. गंमत अशी, कीं ही शिडी नवी नव्हतीच. समुद्राच्या तळाशीं टाकलेल्या तारायंत्राच्या दोरखंडासाठीं विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, ह्यांनीं १८५५ सालीं हेंच गणित मांडलें होतें. मुंबईच्या किनाऱ्याला असा दोरखंड एडनहून १८७० सालीं येऊन लागला. इकडे टिंब वाजवावें आणि पलीकडे तें पसरट होऊन उशिरा पोंचावें, ही त्या काळच्या तारमास्तरांची नित्याची तक्रार. केल्व्हिनचा नियम असा, कीं दोरखंडाची लांबी दुप्पट झाली तर विलंब चौपट होतो. हजारों मैलांच्या दोरखंडाला जो नियम, तोच डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्राला. दुप्पट खोल जावयाचें तर चौपट वेळ हवा. म्हणून विजेचीं आवर्तनें शंभरपट शीघ्र केलीं, तर ती छिद्रांत एक दशांश खोलीपर्यंतच पोंचते. आंतले नऊ दशांश असून नसल्यासारखे! उलट, वीज अगदीं संथ केली तर छिद्रांतील साऱ्या भिंती उपयोगीं पडतात आणि द्रवाचा जो एकंदर रोध, त्याचा केवळ एक तृतीयांश वाट्यास येतो. हें गणित मला पुरतें करतां येत नाहीं, पण त्याचें उत्तर ताम्हिणीच्या मातींत कुदळ घालून पाहतां येतें.

प्रत्यक्षांतलें छिद्र मात्र द लेव्ही ह्यांच्या छिद्रासारखें सरळ, एकसारखें नसतें. कांहीं रुंद, कांहीं अरुंद, कोठें वांकडें, कोठें शाखा फुटलेलें. त्यामुळें अगदीं संथ विजेलाहि पूर्ण पाव आवर्तनाचा फरक मिळत नाहीं. थोडें कमीच पडतें. ही तूट भरून काढण्यासाठीं प्रतिकृतींत एक काल्पनिक अवयव घालतात. त्यांत हा फरक सर्व वारंवारतांना सारखाच राहतो असें मानलेलें असतें. कोल बंधूंनीं १९४१ सालीं निराळ्या पदार्थांच्या अभ्यासांत ज्या सूत्राचा अवलंब केला, त्याचाच हा वंशज. माझ्या विद्यार्थ्यानें मला अशा प्रतिकृतींचीं चित्रें दाखविलीं. कांहींत दहा-बारा अवयव होते आणि वक्ररेषा प्रयोगाच्या टिंबांवरून केसाएवढीहि ढळत नव्हती. मला तीं पाहून पुस्तकाच्या शेवटीं दिलेलें उत्तर आधीं पाहून मग रीत जमविणारीं मुलें आठवलीं. दहा खुंट्या हातीं असल्या, कीं कोणतेंहि तंबोरें जुळतें. ती खुंटी म्हणजे पदार्थांतला कोणता भाग, हें सांगतां आलें तरच त्या प्रतिकृतीला अर्थ. हें मत एका शाळामास्तराचें आहे, तें त्याच वजनानें घ्यावें.

आमच्या उपयोगीं पडली ती टोरोंटो विद्यापीठांतील झुबिएता आणि बोनर्ट ह्यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेली साधी प्रतिकृति. त्यांनीं वारंवारतांची भाषा सोडून वेळेची भाषा धरली. महाधारित्र म्हणजे तीन धारित्रें शेजारीं शेजारीं, असें मानावें. पहिलें कांहीं सेकंदांत भरणारें, दुसरें कांहीं मिनिटांत आणि तिसरें त्याहूनहि सावकाश, अर्ध्या तासाच्या पल्ल्याचें. प्रत्येकाचा रोध निराळा. शिवाय पहिल्याची धारकता दाबाबरोबर थोडी वाढत जाते, हेंहि त्यांनीं हिशेबांत घेतलें. ही शिडी नव्हे. शिडीचे पुष्कळसे पायंडे गाळून ठेवलेले तीन. पण अर्ध्या तासापर्यंतचें वर्तन तींतून कामापुरतें नीट सांगतां येतें.

ती मुलांना समजावी म्हणून आम्हीं शाळेच्या ओट्यावर तीन भांडीं मांडलीं. एक बादली, एक घागर, एक कळशी. तिन्हींना बुडाशीं तोट्या. बादलींत पाणी थेट पडे. बादली व घागर ह्यांना जोडणारी नळी बोटाएवढी. बादली व कळशी ह्यांना जोडणारी सलाईनच्या नळीएवढी बारीक. एका मुलानें भडाभडा पाणी ओतून बादली कांठोकांठ भरली आणि ओरडला, “भरली!” मग सारीं मुलें गप्प बसून पाहूं लागलीं, कीं बादलींतलें पाणी कोणीं न उपसतां खालीं चाललें आहे. एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, पाणी गळतंय का?” गळत नव्हतें; पोंचत होतें. मीं वहींत लिहिलेला तो ५.० चा आंकडा बादलीचा होता.

येथें आणखी एक गोष्ट सांगतों, कारण शहरांतल्या श्रोत्यांना ती कदाचित् ठाऊक नसेल. आमच्या तालुक्यानें विजेसाठीं पाणी सांठविण्याचा उद्योग फार जुन्या काळीं आणि फार महागांत केलेला आहे. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला. तरी धरण उभें राहिलें, गांवें पाण्याखालीं गेलीं आणि १९२७ पासून तें पाणी सुमारें पांचशें मीटर खालीं कोंकणांत भिऱ्याच्या वीजघरावर पडूं लागलें. त्या मापानें आमच्या दोन धारित्रांतला सारा सांठा किती? पांच व्होल्टना ६२५ जूल. मुळशीहून भिऱ्यास चहाचा एक पेलाभर पाणी पडलें तर तेवढी शक्ति निघते. अठरा घरांची रात्र आम्हीं एका पेल्यावर सोंपविली होती. मग तो पेला किती भरला आहे, हें तरी नीट पाहावयास नको होतें काय?

महाधारित्रांवर महाराष्ट्रांत चांगलें काम झालेलें आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत प्रा. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांचे विद्यार्थी ह्यांनीं धातूंच्या ऑक्साइडांचे पातळ थर साध्या रासायनिक रीतींनीं बसवून महाधारित्रें करण्याचा दीर्घ अभ्यास केला. त्या विषयाचा त्यांनीं सहकाऱ्यांसह लिहिलेला आढावा २०११ सालीं प्रसिद्ध झाला. अशा थरांत भार नुसता पृष्ठभागाशीं उभा राहत नाहीं, तो ऑक्साइडाशीं रासायनिक देवघेवहि करतो. त्यामुळें धारकता वाढते. परंतु देवघेवीला वेळ लागतो, म्हणजे वारंवारतेचा प्रश्न तेथें आणखी एका वळणानें पुन्हां उभा राहतो.

आमच्या यंत्रांत आम्हीं पुढें काय केलें, तें थोडक्यांत सांगतों. धारित्रें बदलून कमी रोधाचीं घेतलीं. भरणें थांबल्यावर अर्ध्या तासानें जो दाब असेल तोच खरा मानावा, असें यंत्रालाच शिकविलें. आणि तो ४.६च्या खालीं असेल तर पाऊस बेताचा असेपर्यंत संदेश अर्ध्या तासानें धाडावे, असें ठरविलें. परंतु ह्या सर्वांहून महत्त्वाची सुधारणा विजेची नव्हतीच. ती त्या म्हातारीच्या प्रश्नांतून निघाली. आतां खालच्या घरांतली घंटा पाऊस फार झाला तरी वाजते, आणि चाळीस मिनिटें वरून कांहींच संदेश आला नाहीं तरीहि वाजते. निराळ्या सुरांत वाजते, एवढेंच. यंत्र निजलें तर वाडीनें जागें व्हावें.

२०२५च्या पावसाळ्यांत तो दुसरा सूर दोनदां वाजला. एकदां उंदरानें तार कुरतडली होती. दुसऱ्या वेळीं पांच दिवस ऊन नव्हतें आणि सांठा खरोखरच संपला होता. मध्यरात्रीं कंदील घेऊन अठरा घरें शाळेंत आलीं, लेंकरांना बाकांवर निजविलें, आणि सकाळीं डोंगर जागच्या जागीं पाहून चहा पिऊन परत गेलीं. म्हातारीनें जातांना मला कांहीं म्हटलें नाहीं. तिच्या शेळ्या मात्र तिनें शाळेच्या पडवींतच बांधून ठेवल्या, पाऊस ओसरेपर्यंत.

महाधारित्रें म्हातारीं होतात तीं दोन रीतींनीं: धारकता घटते आणि रोध वाढतो. धारकता पांचवा हिस्सा घटली किंवा रोध दुप्पट झाला, म्हणजे तें बदलावें, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणून दर वर्षीं अक्षय्यतृतीयेस, पावसाच्या आधीं, आम्ही दोघे पठारावर जाऊन तीं खालीं आणतों, पांच मिनिटांत भरतों आणि अर्धा तास दर मिनिटास दाब टिपून घेतों. टिपणें घेण्याचें काम आतां त्या बादलीवाल्या मुलीकडे आहे. ती सातवींत आहे. घड्याळ तिचें, वही माझी.